वळवाआधी भोंगा उभा करूया

राम राम मंडळी,

गेल्या वळवात धूळवाफ पेरणीची तयारी चालली होती. कुळव ओढून दमलेली बैलजोडी चिंचेखाली बांधून मालक विहिरीवर पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात वीज पडली. दोन्ही बैल जागेवर गेले. एकाच्या गळ्यातला चामडी पट्टा हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. मालकांचा फोन घरी चार्जिंगला होता. विजेच्या इशाऱ्याचा मेसेज त्यावर पाऊण तास आधीच येऊन पडला होता, कन्नड आणि इंग्रजीत. घरात एकट्या आजी होत्या.

इशारा गावात पोचला होता. घरापासून शिवारापर्यंत तो गेला नाही. तेवढ्यासाठीच पंच कमिटी आणि तरुण मंडळ मिळून हे आवाहन करत आहोत.

हवामान खातं आता पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. कर्नाटकाचं विजेचा इशारा देणारं 'सिडिलू' ॲप आहेच. ढग-पाऊस आणि वारा टिपणारं पणजीचं डॉप्लर रडारही आहे, पण मध्ये सह्याद्री उभा, आणि रडारचा किरण जेवढा लांब जातो तेवढा जमिनीपासून वर वर जातो. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या अंगाला किंवा खानापूरच्या जंगलावर ढगाच्या बुडाशी काय चाललंय, ते बघायला माणूसच लागतो.

अमेरिकेत रडारचं मोठं जाळं आहे. तरी तिथलं हवामान खातं 'स्कायवॉर्न' नावाखाली साडेतीन लाखांवर स्वयंसेवकांना ढग ओळखायला शिकवतं, कारण टोर्नेडोची सोंड जमिनीला टेकली का, हे डोळ्यांनी बघणाराच खात्रीने सांगतो. आपल्या भागात तसे टोर्नेडो सहसा होत नाहीत (बंगालात जलपायगुडीला 31 मार्च 2024 रोजी झाला, माणसं गेली). पण ढगातून एकदम खाली कोसळणारा वारा शाळेचे पत्रे उचलायला पुरेसा असतो.

तिथली एक पद्धत आम्हाला फार पटली. हवा बिघडण्याजोगी झाली की 'वॉच', प्रत्यक्ष धोका दिसला की 'वॉर्निंग'. आपणही दोनच आवाज ठेवणार. एक लांब भोंगा म्हणजे अवजारं आवरा, जनावरं घेऊन घराकडे वळा. तुटक तुटक भोंगा म्हणजे आहे तिथून पक्क्या छपराखाली जा. झाडाखाली कुणीही थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही.

शिवाराच्या चार कडांना दुपारपासून चार जण लक्ष ठेवतील. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत चढला, माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की लगेच फोन. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर तुटक भोंगा. कोंदट उकाड्यात अचानक गार वारं आणि मातीचा वास आला, तर फार थोडा वेळ हातात असतो.

देवळावर लाऊडस्पीकर आहे, पण वारं सुटलं की आधी करंट जातो. म्हणून बॅटरीवरचे दोन भोंगे सोलर पॅनेलसकट हवेत. शिवाय पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणि मराठी शाळेवर लायटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा दांडा. अरेस्टर जाणकाराकडूनच बसवायचा. अर्थिंग नीट नसेल तर तो नसलेला बरा, यावर आम्ही ठाम आहोत.

वर्गणी घरटी 200 रुपये. ज्यांना जमणार नाही त्यांनी खांब उभे करताना एक दिवस हात लावावा. गोवा, पुणे, मुंबईत कामाला असलेल्या पोरांकडे जास्त मागतो आणि हक्काने मागतो, शिवारात तुमचेच आई-वडील असतात. लष्कराच्या सिग्नल (संदेश) विभागात नोकरी केलेल्या माजी सैनिकांनी, फोनवर चार शब्दांत नेमकं कसं सांगायचं, ते पोरांना शिकवावं. बायकांची नावं अजून फार कमी आली आहेत. दुपारी शिवारात जास्त त्याच असतात, तेव्हा वहिनी, मावशी, नावं द्यायला जरूर या.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसतो. पैसे पावती घेऊनच द्यावेत. हिशोब देवळाच्या फळ्यावर लावू. पाडव्याला भोंगा वाजवून बघायचा आहे.