ईश्वरीचा वेल उपटू नका

महोदय,

आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात पक्ष्याची विष्ठा पडावी तशा दिसणाऱ्या अळ्या येतात. फवारणी करा, असं शेजारी सांगतात. मी करत नाही. त्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या आहेत. या फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही हुबेहूब कॉमन रोझ किंवा क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांसारख्या.

एकाच जातीत ही सोंगं येतात कुठून? डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचं उत्तर दिलं: डबलसेक्स हे एकच जनुक. फळमाशीत नर-मादीची शरीरं वेगळी घडवणारं हे जनुक इथे मादीच्या पंखांवरची नक्षीही ठरवतं. शिकवताना मला याहून सुंदर उदाहरण कधी मिळालं नाही.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यामागचं आयुष्य. १९९७ साली याच संशोधकाने उत्तर सह्याद्रीतल्या चार प्रकारच्या अधिवासांत ऋतूनुसार फुलपाखरं मोजून निबंध लिहिला होता. २००० साली द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवर त्यांचं पुस्तक आलं. पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत जनुकांवर काम करतानाही हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवून, तपासून ठेवण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. प्रयोगशाळा आणि रान ही त्यांच्यासाठी दोन वेगळी घरं नाहीत.

तशी ती असूही नयेत. खरं नाणं चलनात असेल तरच खोटं खपतं. रोझ फुलपाखरं विषारी होतात ती त्यांच्या अळ्या ईश्वरी, म्हणजे सापसंदाच्या कुळातले वेल खातात म्हणून. पक्ष्याने एकदा ती चव घेतली की तो मॉर्मनच्या सोंगालाही बिचकतो. वेल गेला तर रोझ जाईल, आणि मॉर्मनचं जनुक शाबूत राहूनही त्या सोंगाला अर्थ उरणार नाही.

आपण २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, याचा आनंद आहे. पण टेकड्यांवरची ‘साफसफाई’ करताना हा वेल तण म्हणून उपटला जातो. गेल्या वर्षी मी चार रोपवाटिका फिरलो, एकीतही त्याचं रोप नव्हतं. उद्यान विभागांनी स्वतःच्या रोपवाटिकांत तो वाढवावा आणि बागांच्या तारेच्या कुंपणांवर सोडावा. जूनच्या लागवडीसाठी रोपं आत्ताच करायला घ्यावी लागतील.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, पुणे