डॉ. नोरा व्होल्कोव यांस जाहीर आभार

आदरणीय डॉ. नोरा व्होल्कोव यांस,
सादर नमस्कार.

आपली आणि माझी ओळख नाही, तरीही माझ्या धाकट्या भावाच्या दारूच्या आजारात आपला जो आधार झाला त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. व्यसनाने मेंदूत काय बदलते याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील शास्त्रज्ञ म्हणून आपले संशोधन मोठे आहे. कोकेनचा धोका अनेकांना किरकोळ वाटत होता त्या १९८०च्या दशकात आपण ते घेणाऱ्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह बिघडल्याचे दाखवले. पुढे अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पेट स्कॅनच्या, म्हणजे मेंदूचे काम चित्रात दाखवणाऱ्या तपासणीच्या साहाय्याने, व्यसन थांबून कित्येक आठवडे उलटले तरी आनंद आणि प्रेरणेशी जोडलेल्या डोपामाइन या मेंदूतील रसायनाचा संदेश टिपणारे डी२ रिसेप्टर कमीच राहतात आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भागही मंद चालतो, हे आपण मांडले. भावाला तपासताना केसपेपरवरून मानही वर न करता ‘तुला सुटायचंच नाहीये’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही ते तसे बोलले, याचाच राग अजून गेलेला नाही.

परंतु आमच्या घराला खरा आधार दिला तो आपण २०१५ साली मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत सांगितलेल्या एका घरगुती गोष्टीने. आपल्या आईचे वडील हृदयविकाराने गेले, असे आपल्याला लहानपणी सांगण्यात आले होते. ते दारूच्या आहारी गेले होते आणि त्यांनी स्वतःचे जीवन संपवले, हे आईने सांगितले ते थेट तिच्या अखेरच्या आजारपणात, म्हणजे आपण व्यसनाच्या अभ्यासात कित्येक वर्षे घालवल्यानंतर. लेक याच विषयातली जगन्मान्य तज्ज्ञ, आणि तिच्यापाशीही बोलायला आई धजावली नाही! ही गोष्ट सांगण्याची सक्ती आपल्यावर कोणी केली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेच्या संचालक या आपल्या तेव्हाच्या पदाच्या दृष्टीने ती झाकून ठेवणेच सोयीचे होते.

मी ती माझ्या आईला वाचून दाखवली. भावाच्या नोकरीबद्दल, तब्येतीबद्दल नातेवाइकांना निरनिराळी कारणे सांगून थकलेल्या आईने त्यानंतर मावशीला फोन करून सरळ ‘त्याला दारूचा आजार आहे, उपचार चालू आहेत’ असे सांगितले. भाऊ शेजारच्या खोलीतून ऐकत होता. पुढच्या तपासणीला तो आपणहून तिला सोबत घेऊन गेला. आजवर तो आम्हाला दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवत असे.

मोठ्या पदावरची माणसे घरातले दुःख सहसा झाकतात. आपण ते झाकले नाही, याबद्दल आईच्या आणि माझ्या वतीने मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची बहीण