दादा, पॅकेजच्या आधी मीटर लाव

दादा, वहिनी, आई,

सगळ्यांना नमस्कार. आई, मी बरा आहे, जेवण वेळेवर होतंय, थंडी पडालीय पण खोलीत हीटर आहे, काळजी करू नकोस. शिनोळीत पाऊस उघडला का अजून रपरप चालूच?

दादा, तू फोनवर सांगालतास की कोण तरी येऊन गेला, आपल्या फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) एआय बसवतो म्हणाला, डिजिटल ट्विन, म्हणजे शेडची कॉम्प्युटरवरची हुबेहूब नक्कल, देतो, मोबाइलवर सगळी शेड दिसेल म्हणाला, आणि कोटेशनचा आकडा ऐकून मी गप्पच झालो, तेवढ्यात तुला भट्टीवर जायचं होतं आणि मला शिफ्टला. असल्या गोष्टी फोनवर अर्धवट बोलून उपयोग नाही म्हणून बसून लिहालोय. लांबणार आहे पत्र, पण सगळं वाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ते पॅकेज आत्ता घेऊ नकोस. पण डिजिटलचं काम मात्र याच महिन्यात सुरू कर, आणि ते भट्टीच्या मीटरपासून आणि रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या मालाच्या, वहीपासून सुरू कर. बाकी सगळं त्यानंतर.

इंडस्ट्री ४.०, म्हणजे कारखान्यातली मशिनं कॉम्प्युटरला जोडून चालवायची, हे नाव इथलंच, जर्मनीतलं, २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनातून ते जगभर गेलं. आमच्या फौंड्रीत रोबोट आहेत, वाळूचा साचा थेट छापणारा प्रिंटर आहे, पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) बनवायचीसुद्धा गरज नाही एकदोन पीस पाहिजे असले तर. पण मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा साहेबानं पहिल्यांदा काय दाखवलं तर भट्टीच्या पॅनेलमधला मीटर आणि त्याचा मिनिटामिनिटाचा ग्राफ. म्हणाला हे वाचायला शीक, मग बाकीचं. इथले जुने लोक सांगतात, २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर गॅस आणि वीज अशी भडकली की ज्यांच्याकडं हे आकडे नव्हते त्यांना कुठं कापायचं तेच कळेना.

आता तो ग्राफ काय सांगतो बघ. एक टन लोखंड वितळवून १५०० डिग्रीपर्यंत न्यायला शास्त्राप्रमाणे ४०० युनिटच्या आसपास लागतात, आणि इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात ५५० ते ६५० जातात. मधला फरक कॉइलच्या पाण्यात जातो, उघड्या तोंडातून जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसतं धरून बसण्यात जातो. माल तयार आहे पण मोल्ड (साचे) बंद व्हायचेत, स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूच्या तपासणीचा, रिपोर्ट यायचाय, लेडल (ओतायचं भांडं) गरम नाही, क्रेन दुसऱ्या बाजूला अडकलीय, आणि तोपर्यंत झाकण उघडंच. त्या वेळात ग्राफची रेघ खाली येऊन सपाट होते. वितळवायचं काम संपलंय, वीज मात्र चालूच. आपल्या शेडमध्ये हे रोज होतं हे तुलापण माहीत आहे आणि भट्टीवरच्या मामांनापण, पण किती मिनिटं होतं ते कुणालाच सांगता येत नाही, कारण महिन्याच्या शेवटी हेस्कॉमचं, वीज कंपनीचं, बिल येतं त्यात एकच मोठा आकडा असतो. त्या आकड्यात भट्टी किती, कॉम्प्रेसर किती, शॉट ब्लास्ट (ओतलेला माल साफ करायचं मशिन) किती, काही कळत नाही, आणि केव्हीए डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त लोड, एकदा वर गेली की का गेली तेही कळत नाही.

आणि रिजेक्शन. दादा, हे नीट वाच, कारण माझ्या मते फौंड्रीतला सगळ्यात मोठा धूर चिमणीतून नाही, रिजेक्शनच्या ढिगातून निघतो. हिशेब सोपा आहे. समज टनाला ६०० युनिट लागतात. एक टन ओतलास, रनर रायझर, म्हणजे धातू आत न्यायच्या वाटांत आणि भरतीच्या कप्प्यांत गोठलेला भाग, वजा जाऊन ६०० किलो कास्टिंग (ओतीव माल) मिळालं. त्यातलं १० टक्के ब्लो होल (वायूची भोकं), श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी), सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) म्हणून परत आलं तर चांगला माल ५४० किलो. म्हणजे एक टन चांगल्या मालाला वितळवायचेच ११११ युनिट पडले. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलंस तर तेच १०४२ होतात. टनामागं जवळजवळ ७० युनिट, आणि महिन्याला १०० टन चांगला माल गेला तर ७००० युनिट. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५ टन. यात मोल्डची वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोअरचं (आतल्या पोकळीच्या साच्याचं) रेझिन, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) मजुरी आणि पार्टीला (गिऱ्हाइकाला) माल उशिरा गेला म्हणून ऐकून घ्यावं लागतं ते काहीच धरलेलं नाही. नवीन भट्टी न घेता, सोलर न बसवता, एवढं निघतं. (सोलर बसवायचंच आहे, शेडचा पत्रा मोकळाच पडलाय, पण त्याचं वेगळं लिहीन.)

हे कमी करायला डिजिटलमधली कुठली गोष्ट खरंच कामाची आहे ते मी इथं बघालोय. एक म्हणजे सिम्युलेशन. पॅटर्न करायच्या आधी कॉम्प्युटरवर धातू कसा भरतोय आणि कुठं शेवटी गोठतोय ते दिसतं, जिथं शेवटी गोठतो तिथं श्रिंकेज येतं, मग रायझर तिथं सरकवायचा. इथं आखेनच्या कंपनीचं मॅग्मासॉफ्ट हे सॉफ्टवेअर वापरतात, पण आपल्याकडंच आयआयटी मुंबईत ऑटोकास्ट तयार झालंय, ते भारतातल्या फौंड्रीवाल्यांना डोळ्यासमोर ठेवूनच केलेलं. नवीन पार्टचं काम आलं की निदान तेवढ्यापुरतं सिम्युलेशन बाहेरून करून घे. बेळगाव फौंड्री क्लस्टरमध्ये विचार, नाहीतर आपल्या भागात कॉलेजं काय कमी आहेत, व्हीटीयूचं (टेक्निकल युनिव्हर्सिटीचं) तर हेडक्वार्टरच बेळगावात.

दुसरी वाळू. इथं मिक्सरवर ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते ते) मोजणारा सेन्सर आहे, तो स्वतःच पाणी कमीजास्त करतो. आपल्याकडं ते लगेच होणार नाही, पण दर तासाला लॅबमधला आकडा वहीऐवजी मोबाइलवरच्या शीटमध्ये वेळेसकट टाकला तर चार आठवड्यांत दिसेल की ब्लो होल कुठल्या दिवशी आले आणि त्या दिवशी वाळू कशी होती. पावसाळ्यात आपलं रिजेक्शन वाढतं असं तू दरवर्षी म्हणतोस, ते आकड्यात धर एकदा. एआय म्हणतात ते यानंतर येतं. जुने आकडेच नसतील तर एआय शिकणार कशावरून? त्या माणसाला हाच प्रश्न विचार, माझ्याकडं वर्षभराचा डेटा नाही तर तुमचं सॉफ्टवेअर पहिल्या महिन्यात नेमकं काय सांगणार. उत्तर काय देतो ते मला कळव.

कॉम्प्रेसरचं पटकन सांगतो. हवेच्या लाइनमधून गळती म्हणून २०-३० टक्के हवा जाणं ही फार कॉमन गोष्ट आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून बघ, तरी तो सारखा लोड घेत असेल तर ती सगळी गळतीच. प्रेशर एक बारनं उतरवता आलं तरी ६-७ टक्के वीज वाचते. याला पैसे लागत नाहीत.

आता युरोपची गोष्ट, कारण तुझी एक्सपोर्टवाली पार्टी फॉर्म पाठवालीय म्हणालतास आणि तो फॉर्म तू बाजूला ठेवलायस. ठेवू नकोस. इथं कार्बन बॉर्डरचा कायदा आलाय, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर तो करताना निघालेल्या कार्बनप्रमाणं पैसे, सीबॅम म्हणतात, ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग सुरू. कर भरायचा इथल्या आयात करणाऱ्यानं, पण आकडे तुझ्याकडून मागणार, आणि खरे आकडे नसतील तर ठरवून दिलेले धरतात, ते तुझ्या तोट्याचे असतात. घाबरून जाऊ नकोस, पहिल्या यादीत लोखंडी पाइप फिटिंग, नटबोल्ट असला माल होता, पंपाच्या पार्टसारखं काम त्यात नव्हतं, आणि लोखंडाला सुरुवातीला विजेचा कार्बनही धरलेला नाही, भट्टीतला थेट आणि पिग आयर्नसारख्या कच्च्या मालाचा धरतात. पण यादी वाढवायची बोलणी चालू आहेत, आणि मोठ्या कंपन्या कायद्याच्या पुढं जाऊन एकेका पार्टमागं किती वीज, किती कार्बन ते सप्लायरला विचारालेत. आमच्याकडंच खरेदी विभागाच्या टेबलावर दोन कोटेशन असतात, भाव सारखाच, एकाकडं आकडे आहेत, एकाकडं नाहीत. कुणाला काम जातं ते सांगायला नको. बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये ओतलेलं कास्टिंग कुठल्याच बाबतीत कमी नाही, हे मी दोन्हीकडचा माल हातात घेऊन सांगतो, मग नुसता कागद नाही म्हणून काम का जाऊ द्यायचं?

मामांचं आणि पोरांचं वाटतं मला. त्या पॅकेजमध्ये कॅमेरा लावून कोण किती वेळ बसला ते मोजणारं काहीतरी आहे म्हणालास. ते अजिबात घेऊ नकोस. भट्टी मोजायची, माणूस नाही मोजायचा. झाकण उघडं का राहतं याचं उत्तर मामांकडं आहे, हॉइस्ट (उचलायचं यंत्र) जड चालतो की काय ते तेच सांगतील, आणि त्यांना वाटलं की मीटर त्यांच्यावर लावलाय तर कुणी खरं सांगणार नाही. भट्टीशेजारी एक मोठा आकडा दिसू दे, या हीटला (एका वितळवणीला) किती युनिट गेले एवढाच, आणि बाकी जे लिहिशील ते मराठीत, कन्नडात आणि हिंदीत लिही, मामा कन्नड वाचतात, मोल्डिंगवरची बिहारची पोरं हिंदी. इथंसुद्धा तुर्की, इटालियन, पोलिश लोक आहेत शॉपवर, सूचना चित्रांत असतात. आणि वाचलेल्या पैशातला काही भाग बोनसला दे, माझी विनंती आहे.

शाश्वत विकास म्हणून जे भाषणात ऐकतो ते १९८७ साली युनोच्या आयोगानं साध्या शब्दांत सांगितलंय, आजची गरज भागवताना पुढच्या पिढीची गरज मारायची नाही. मला ते आपल्या शेडच्या मागच्या जळक्या वाळूच्या ढिगात दिसतं. वीज वाचली आणि ती वाळू तशीच ओढ्याकडंला पडत राहिली तर अर्धंच काम झालं. किती टन वाळू नवीन येते आणि किती टाकून जाते, हे दोन आकडेपण त्या शीटमध्ये घाल, मग रिक्लमेशनचं (वाळू परत वापरात आणायचं) बोलता येईल.

आणि हे सगळं डिजिटलसुद्धा फुकट नाही हे लक्षात ठेव. जगातली डेटा सेंटर २०२४ साली ४१५ टेरावॅट तास वीज खाऊन बसली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि एआयमुळं ते वाढालंय. इलेक्ट्रॉनिक कचरा २०२२ ला ६ कोटी २० लाख टन झाला, त्यातला पाव हिस्सासुद्धा नीट रिसायकल होत नाही. म्हणून पन्नास सेन्सर लावून दोन वर्षांत भंगारात टाकण्यापेक्षा पाच लाव, दुरुस्त होणारे लाव. डेटा तुझ्या नावावर पाहिजे, कंपनी बदलली तरी बाहेर काढता आला पाहिजे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यायचं.

तर काय करायचं ते असं. भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांट, तिघांना वेगळा मीटर, आरएस-४८५ पोर्टवाला (डेटा बाहेर काढायची जोडणी असलेला) घे म्हणजे नंतर काहीही जोडता येतं. आपल्या पोरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट पाहिजेच आहे, तिला हेच दे. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) लावायचं काम मात्र इलेक्ट्रिशियननंच करायचं, पॅनेल बंद करून, तिनं नाही. प्रोग्रामचं मी रात्री व्हिडिओ कॉलवर तिच्याबरोबर बसून करतो. बीईईचा (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेचा) आणि युनिडोचा (युनोच्या औद्योगिक विकास संस्थेचा) एक प्रकल्प बेळगावच्या फौंड्र्यांत होऊन गेलाय, कोइम्बतूर आणि इंदूरबरोबर, तेव्हा ऑडिट करून घेतलेले लोक तुझ्या ओळखीत निघतील, त्यांचे रिपोर्ट मागून बघ, सगळं नव्यानं शोधायला नको.

वहिनी, तुम्ही शेडचा हिशेब बघता म्हणून तुम्हालाच सांगतो, बारा महिन्यांची हेस्कॉमची बिलं आणि रिजेक्शनच्या वहीची पानं, दोन्ही बाजू, फोटो काढून पाठवा, फोटो हललेले नकोत. दादा, त्या कंपनीचं कोटेशनपण पाठव, सगळी पानं, अटींची बारीक अक्षरातली सुद्धा. शनिवारी मला सुट्टी आहे, तुमच्या दुपारी फोन करतो तेव्हा समोर घेऊन बसा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

तुमचा,
धाकटा