ट्रवेरिन कसं विसरलात?

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला वेल्सच्या इतिहासावरचा लेख चांगलाय, पण 1282 ला वेल्सचा राजपुत्र लवेलिन मारला गेला तिथून थेट 1999 च्या असेंब्लीवर (वेल्सच्या विधिमंडळावर) उडी, मधलं ट्रवेरिन, म्हणजे वेल्समधलं धरणाखाली गेलेलं खोरं, गायबच की हो! इंग्लंडातल्या लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1957 ला ब्रिटिश संसदेत कायदा झाला, वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही तरी झालाच, आणि 1965 पर्यंत त्या खोऱ्यातल्या कॅपेल केलिन गावची शाळा, पोस्ट, चॅपल सगळं धरणात गेलं. काही मयतं उकरून दुसरीकडे पुरली, बाकी कबरींवर चक्क काँक्रीट ओतलं. पुढच्याच वर्षी प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला, तो मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. लिव्हरपूलने माफी मागितली 2005 ला!

– एक वाचक, सातारा