मुकुंदाच्या यानातली सहा माणसं

ठाणे,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय मुकुंदा,

तुझ्या नभोनाट्याचे तिन्ही भाग वाचून झाले. गोष्ट चालते. यान बिघडतं ते पटतं, आणि दुरुस्तीचा प्रसंग तर झकास उतरलाय. अडलो ते पात्रयादीशी: एक अमेरिकन, एक रशियन, एक जपानी, एक जर्मन, एक आफ्रिकन आणि कॅप्टन भारतीय. अरे, हे यान आहे की शाळेतली वेशभूषा स्पर्धा? शिवाय बाकीच्या पाचांना तू देश दिलास आणि त्या एकट्याला अख्खा खंड. तो घानाचा की केनियाचा हे तुलाच माहीत नसेल, तर तो चिडल्यावर कसा बोलेल हे तुला कुठून कळणार?

ही यादी खरं तर तुझी नाहीच. ती १९६६ ची आहे. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका सुरू झाली तेव्हा अशी यादी करायला छाती लागत होती. यानाच्या नियंत्रणकक्षात उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी बसते. स्वाहिलीत 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर गायन ब्लुफोर्ड वर गेला १९८३ मध्ये, म्हणजे टीव्ही सतरा वर्षं पुढे होता. (क्यूबाचा आर्नाल्दो तामायो मेंदेस सोव्हिएत यानातून १९८० मध्येच जाऊन आला होता, ते वेगळं.) यान चालवणाऱ्या सुलूचं काम करणारा जॉर्ज टाकेई जपानी वंशाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनेच त्याला लहानपणी घरच्यांसकट छावणीत डांबलं होतं. १९६७ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, चेकॉव्ह हा रशियनही आला. त्या काळाला हे पुरेसं होतं. आज तेच केलंस तर ती निव्वळ नक्कल.

आता त्या यादीत कुठे काय फसलं ते सांगतो, म्हणजे तुझं काम हलकं होईल.

नावापासून सुरुवात. 'सुलू' हे जपानी नाव नाही, तो फिलिपाइन्सजवळचा समुद्र आहे. एकाच पात्राने सगळ्या आशियाचं प्रतिनिधित्व करावं, म्हणून कुठल्याच देशाचं नसलेलं नाव निवडलं. जपानीत 'ल' हा वेगळा ध्वनीच नाही, त्यामुळे सुलूला आपलं आडनाव आजीकडून नीट ऐकायलाही मिळालं नसतं! 'हिकारू' हे पहिलं नाव त्याला मिळालं ते १९८१ च्या एका कादंबरीत, आणि पडद्यावर ते उच्चारलं गेलं थेट १९९१ मध्ये.

याहून मोठा घोटाळा आपल्या वाट्याला आलाय. १६ फेब्रुवारी १९६७ च्या भागात खान नूनियन सिंग येतो. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून म्हणते, उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. नावात खानही आणि सिंगही, मधलं नूनियन कुठलं ते विचारू नकोस. दाढी नाही, वाढवलेले केस नाहीत, पगडी आहे ती फक्त त्या बाईने काढलेल्या चित्रात. काम केलं मूळच्या मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबानने, चेहऱ्याला गडद रंग लावून. माणूस नट म्हणून जबरदस्त, वाद नाही. पण याच्या बरोबर दोनच आठवडे आधीच्या भागात यानाच्या कॅप्टन कर्कवर खटला चालतो. तिथे न्यायासनावर चंद्रा नावाचा कॅप्टन बसलेला असतो, आणि तो खरोखरच भारतीय वंशाचा नट आहे, रेजिनाल्ड लालसिंग. तो गप्प बसून असतो, म्हणून कुणाच्या लक्षात नाही. नाव, चेहरा, हुद्दा, सगळं जागेवर. फक्त त्याला बोलायला दिलं नाही.

म्हणून नाव ठेवताना आधी देश, मग गाव, मग भाषा आणि शेवटी नाव, या क्रमाने जा. तुझा 'आफ्रिकन' इंजिनियर घानातल्या कुमासीचा कर. तिथल्या आकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. त्यावर एक वाक्य लिहिलंस तरी माणूस उभा राहतो. जपानी बाईंचं आडनाव आधी ठेव आणि ते कुणीतरी एकदा चुकव. १९९१ मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेत, 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये, नेमकं हेच केलंय. कॅप्टन पिकार्ड नव्या अधिकारी मुलीला 'लॅरेन' म्हणून हाक मारतो. ती सांगते, आमच्यात आडनाव आधी येतं, मी 'रो'. आणि वर हेही सांगते की आमचे बहुतेक लोक तुमच्या सोयीसाठी ही मोडतोड चालवून घेतात, मी घेत नाही. अर्ध्या मिनिटात एक पूर्ण समाज, त्याची लाचारी आणि हिचा ताठा कळतो. ती परग्रहावरची आहे, तरी तुझ्या सहाही माणसांपेक्षा ओळखीची वाटते.

दुसरं, उच्चार. श्रोत्याला चेहरे दिसणार नाहीत, म्हणून तू रशियनाला 'हम करता है' छापाचं मराठी दिलंयस. ते आधी काढ. ही सगळी माणसं यानाची जी काही सामाईक भाषा असेल ती बोलताहेत आणि आपल्याला ती मराठीत ऐकू येते, एवढा संकेत धर. मग प्रत्येकाचं मराठी स्वच्छच हवं. फरक लयीत ठेव. एक जण वाक्य अर्धवट सोडतो, दुसरी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देते. मातृभाषेतला शब्द पंचवीस मिनिटांच्या भागात तीन-चारदा पुरे, तोही शिवी, नातं, अन्न किंवा मोजणी यांतला. माणूस घाईत आकडे आपल्याच भाषेत मोजतो, हे विसरू नकोस. चेकॉव्हच्या उच्चाराचा विनोद तर तुझ्या काहीच कामाचा नाही. तो इंग्रजीतल्या दोन वेगळ्या 'व'ची अदलाबदल करतो, आणि तीही उलटी. रशियन माणसाची जीभ सहसा दुसऱ्या बाजूला घसरते. मराठीत एकच 'व', मग हसायचं कशाला?

तिसरं थोडक्यात. प्रत्येक भाग लिहून झाला की चार गोष्टी मोज: हुकूम कोण देतं, चूक कोणाची होते, मरतं कोण, बढती कोणाला मिळते. 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' मालिकेत हॅरी किम १९९५ मध्ये एन्साइन, म्हणजे सगळ्यांत खालचा अधिकारी, म्हणून चढतो आणि २००१ मध्ये एन्साइनच उतरतो. त्याच यानावर टॉम पॅरिसला शिक्षा म्हणून खाली आणतात आणि पुढे त्याचा हुद्दा परतही देतात. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण मोजलं असतं तर दिसलं असतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लांबलं ते. 'द एक्स्पान्स' ही मालिका बघ, २०१५ ते २०२२, सहा हंगाम. तिथे भांडण पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा यांच्यात आहे आणि जुने देश त्याखाली गाळासारखे उरलेत. ॲलेक्स कमाल हा चालक नावाने-चेहऱ्याने दक्षिण आशियाई, आणि बोलतो टेक्सासच्या हेलात. कारण त्याचा मंगळावरचा मुलूख भारतीय, चिनी आणि टेक्सासच्या लोकांनी मिळून वसवला. चेहरा आणि बोली जुळत नाहीत, पण का जुळत नाहीत ते लेखकाला माहीत आहे. तिथे साडी नेसून शिव्या हासडणारी क्रिसजेन अवसरला आहे. काम करतात तेहरानमध्ये जन्मलेल्या शोहरे अग्दाश्लू. आडनाव तेलुगू, मुलाचं नाव चरणपाल, नवरा अर्जुन. आपण लगेच नाक मुरडू, पण तीनशे वर्षांनंतरच्या घरात असं होणारच. खानच्या नावातली खिचडी अज्ञानाची होती, ही लग्नांची आहे. तुझ्या भारतीय कॅप्टनलाही असं काहीतरी दे. 'अर्जुन देशपांडे' फारच सदाशिव पेठेतला वाटतो.

पट्ट्यातल्या लोकांची बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बांधली. 'बेरातना' म्हणजे भाऊ. आपला भ्राता लांबचा नातेवाईकच. 'बोलणे' या अर्थाचा शब्द चिनीतून घेतलाय. 'कळलं का?' हे ते 'सासा के?' असं विचारतात आणि तो 'के' आपल्या 'का'सारखाच शेवटी बसतो. अवकाशपोशाखात मान हलवलेली दिसत नाही, म्हणून त्यांचं हो-नाही हातवाऱ्यांत चालतं. तुला आवाजात हेच करता येईल: हेल्मेटवर दोन टिचक्या म्हणजे हो, एक म्हणजे नाही. पहिल्या भागात एकदा समजावून दे, पुढे नुसती टिचकी पुरेल. ते लोक स्वतःला काय म्हणवतात तो शब्द मात्र मी लिहीत नाही. त्याचा शेवट मराठी कानाला भलतंच ऐकवतो आणि आलेली पत्रं काकू आधी वाचतात. पण म्हणूनच सांगतो, तू बनवलेला प्रत्येक शब्द आधी मराठी माणसासमोर मोठ्याने म्हणून बघ. तुझ्या दुसऱ्या भागातल्या ग्रहाचं नाव पुन्हा एकदा तपास.

एक गोष्ट तुझ्या हातात आहे जी इंग्रजीवाल्यांच्या नाही: तू आणि तुम्ही. आत्ता सगळे कॅप्टनला 'सर' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी सुरुवातीला सगळ्यांचं 'तुम्ही' चालू दे. तिसऱ्या भागात हवेचा दाब उतरतो तेव्हा तुझ्या घानाच्या इंजिनियरच्या, म्हणजे कोफीच्या, तोंडून कॅप्टनला 'तू मागे हो!' निघू दे, आणि दार बंद झाल्यावर दोघांनाही पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळू नये. जपानी बाई मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणतील.

जेवणाचा प्रसंगही बदल. सगळे नळीतला लगदा खातात हे जुनं झालं. या जूनमध्ये शुभांशू शुक्ला वर गेला तेव्हा बरोबर एक अमेरिकन, एक पोलिश आणि एक हंगेरियन होते, आणि सामानात गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस. आमरस तुझ्याही यानात ने. कोफीला तो पातळ वाटू दे, जर्मनाने डब्यावरची साखर वाचू दे, आणि कॅप्टनने शेवटचा डबा सहा जणांत कसा वाटला ते लिही. सुधारलेला भाग रविवारपर्यंत टपालात टाक, मी पेन्सिलीला टोक करून ठेवतो.

तुझा,
श्रीधर