टेंडरलॉइनला कुकर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मसालेदार पोर्क टेंडरलॉइनची पाककृती वाचली. मराठी वृत्तपत्राने पाककृतींच्या पानावर डुकराच्या मटणाला जागा दिली, याचा वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारखीला मनापासून आनंद झाला. म्हणूनच कळकळीने लिहिते आहे. मांस रात्रभर व्हिनेगरमध्ये मुरवा आणि कुकरला चार शिट्ट्या काढा, असे त्यात सांगितले आहे. तसे केल्यास हाती चोथा येईल.

ही रीत इंद्यालची, म्हणजे आमच्याकडच्या व्हिनेगर घातलेल्या पोर्कच्या रश्श्याची आहे. इंद्याल करतात ते खांद्याच्या नाहीतर पोटाकडच्या चरबीदार तुकड्यांचे. त्यातले चिवट धागे मंद आचेवर विरघळतात, रस्सा दाट होतो, आणि व्हिनेगर त्या चरबीला तोलून धरते. टेंडरलॉइन म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूची लांबट पट्टी. एका जनावरात अशा दोनच निघतात, एकेक साधारण अर्ध्या किलोची. जनावराच्या चालण्यात तिला फारसे कष्ट पडत नाहीत, त्यामुळे ती जात्याच मऊ असते. चिवट धागे नाहीत, चरबीही नाही. मग जास्त शिजवून मऊ व्हायचे काय? फक्त पाणी निघून जाते. व्हिनेगरमध्ये रात्रभर राहिली तर वरचा थर पांढरट आणि भुसभुशीत होतो.

मी करते ते असे. पट्टीवरचा चंदेरी पापुद्रा धारदार सुरीने काढायचा, कारण तो कितीही शिजवला तरी चावता येत नाही आणि आक्रसून मांस वाकवतो. चमचाभर मीठ चोळून तासभर ठेवायचे. काश्मिरी मिरची, लसूण, जिरे, मिरी, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा अगदी थोड्या व्हिनेगरमध्ये घट्ट वाटून तो मसाला लावायचा. घरी बाटली मसाला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतला बाटलीत भरून ठेवलेला मिश्र मसाला, असेल तर तोही छान लागतो. पट्टीचे निमुळते टोक आत दुमडून दोऱ्याने बांधले की ते आधी करपत नाही. बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर सगळ्या बाजूंनी रंग आणायचा, लसूण जळू द्यायची नाही, आणि मग 200 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटे.

पण मिनिटांवर विसंबू नका. मांसात खुपसायचा थर्मामीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने 2011 मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीचे किमान तापमान 71 वरून 63 अंशांवर आणले, मात्र त्यानंतर तीन मिनिटे मांस तसेच ठेवण्याची अट घातली. खिम्यासाठी 71 अंश कायम आहेत. मी 66 ला बाहेर काढते आणि दहा मिनिटे हात लावत नाही. आतली उष्णता तेवढ्यात आणखी दोन-तीन अंश चढते. मध्यभागी किंचित गुलाबी झाक राहते, ती कच्चेपणाची नव्हे.

आपल्याकडची भीती मात्र खोटी नाही. उकिरड्यावर मोकाट वाढलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी (टेपवर्म) पोटात जाऊ शकतो. तेव्हा जनावर कुठे वाढले हे खाटकाला विचारावे, आणि खात्री नसेल तर तो तुकडा घेऊच नये. याच कृमीमुळे मेंदूत गाठी होतात त्या थेट हे मांस खाल्ल्याने नव्हे, तर पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, भाजीवाटे किंवा न धुतलेल्या हातांनी पोटात गेल्याने. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही ते होऊ शकते, हे आपल्या पानावर एकदा ठळक छापायला हवे.

नाताळच्या पुरवणीत पोर्कच्या पाककृती देणार असाल, तर प्रत्येकीत मांसाचा भाग कोणता, वजन किती आणि आतले तापमान किती हे अवश्य द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, वसई