ही बेस मी एकट्याने बनवलेली नाही

मेस्तकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे पत्र स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे. धाकटी फोनवर वाचून दाखवील आणि चार ओळी झाल्या की तुम्ही "पुरो, पुरो" म्हणत रंध्याकडे वळाल. तरी उघड लिहितोय, कारण मी थाप मारली ती चारचौघांत.

गेल्या जत्रेला नाटकाआधी आम्ही चार गाणी वाजवली ना, त्यानंतरची गोष्ट. फोंड्याहून आलेल्या एका वादकाने माझी बेस गिटार हातात घेतली, उलटी केली आणि नेक, म्हणजे तिची लांब मान, बॉडीत बसते त्या सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरेना. "कुणी बनवली?" मी म्हटलं, "मीच. किट मागवलं होतं." किट मी मागवलं होतं, एवढंच त्यातलं खरं.

खोका उघडला तेव्हा वाटलं होतं, दोन रविवारांचं काम. बॉडी कापलेली, नेकवर फ्रेटच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, तारांचा आवाज पकडणारा पिकअप, तारा खालून अडकवायचा ब्रिज, त्या पिळायच्या चार किल्ल्या, स्क्रूंची पुडी. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणली तेव्हापासून नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळायची ही पद्धत चालत आलीय. मला वाटलं, चार स्क्रू तर पिळायचेत! बॉडी तुम्हाला दाखवायला आणली ती खरं तर मिरवायला. तुम्ही अंगठ्याचं नख दाबलं, खूण उमटली. "हें लाकूड काय पुठ्ठो?" बासवुड होतं ते, लिंडनच्या जातीचं मऊ लाकूड. नावात बास असलं तरी बेसशी त्याचं काही नातं नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं.

मग त्या मऊपणाचा प्रसाद मिळाला. बॉडी टेबलावरून पडली आणि कडेला चांगला पोचा आला. मी लांबी (पुट्टी) भरायला निघालो होतो. तुम्ही ओला फडका ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवली. वाफ झाली, लाकडाचा दबलेला रेशा फुगून वर आला. दोनदा केलं आणि पोचा बोटालाही लागेना. लांबी भरली असती तर तिथे रंग वेगळा प्याला असता आणि डाग जन्मभर राहिला असता.

आता जुलैचं. ते तुम्ही विसरलात असं दाखवता, पण विसरलेला नाहीत. डिचोलीचा पाऊस, चार दिवस कपडे वाळत नव्हते, आणि मी पडवीत उभा राहून लॅकरचे डबे फवारत होतो. सकाळी बघतो तर बॉडीवर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं बाष्प ओल्या लॅकरवर बसतं. हे शास्त्र मी नंतर वाचलं. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलं होतं: "पावसांत पॉलिश करिनात रे." आणि रागावला नाहीत. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

सगळा थर तुम्ही माझ्याकडूनच उतरवून घेतलात. 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, 240, 320. प्रत्येक नंबरला बॉडी खिडकीकडे तिरकी धरायची आणि आधीच्या पेपरचा एकही ओरखडा दिसला तर परत. लाकडाच्या रेशाच्या दिशेनेच हात चालवायचा. कडेला ठोकळ्याशिवाय पेपर लावला की हातावर चापट. मला वाटायचं, वर रंगच तर येणार आहे, कोण बघतंय? रंग आला की ओरखडा दुप्पट दिसतो, हे रंग आल्यावर कळलं.

त्यानंतर बॉडी तुमच्या कपाटात, आत एक जुना पिवळा बल्ब पेटवून. चवथ आली, माटोळी बांधून झाली, विसर्जन झालं, बॉडी कपाटातच. मी दर आठवड्याला यायचो आणि तुम्ही "कित्याक घाई करता?" म्हणून चहा पाजून परत पाठवायचात. काका, खरं सांगतो, त्या दोन महिन्यांत मी दोनदा दुसऱ्या पॉलिशवाल्याला विचारून आलो. आज कबूल करतो.

रंग तुमच्याच डोक्यातला. मला काळा हवा होता. तुम्ही जुन्या कोब्याला घालतात तो रेड ऑक्साइड कापडातून गाळलात, चपड्यात, म्हणजे लाखेच्या पॉलिशात, कालवलात आणि बोळ्याने लावलात. भिजलेल्या चिऱ्याचा रंग! दसरा झाल्यावर कोरड्या उन्हात वर लॅकरचे सहा हात, मग महिनाभर हात लावायचा नाही, मग पाणी लावून 1000 आणि 2000 चा पेपर. मंचावरच्या दिव्यात ती चमकते तेव्हा लोक विचारतात, कुठल्या कंपनीची.

पण फोंड्याच्या माणसाने नख घातलं तो सांधा हे खरं तुमचं काम. नेकची खाच अर्धं सूत सैल होती. माझ्या पेन्सिलीच्या खुणेवर ब्रिज ठोकला असता तर चौथी तार फ्रेटबोर्डाच्या कडेवरून घसरली असती. तुम्ही खूण बघितलीही नाही. नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोरे ताणलेत, दोन्ही कडांपासून अंतर सारखं येईपर्यंत नेक हलवलीत, लाकडाची पातळ चकती खाचेत बसवलीत आणि मग स्क्रूंना मेणबत्ती चोळून आवळलेत. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 17 इंच, तिथून पुढे पुन्हा 17. जाड तारेचं सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तिचा टेकू, किंचित मागे लागतं एवढंच मी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "जाड दोरी वाकायला जड, तिला जागा जास्त." बेस तुम्ही त्याआधी कधी जवळून पाहिलीही नव्हती.

वायरिंग माझं, आणि तिथेही तुम्हीच विचारलं होतं, "ही तार खंयची?" ती अर्थिंगची, ब्रिजखाली जायची. ब्रिज बसवून झाला होता. पुन्हा उघडला.

चार तारा चढवल्यावर नेकवर 70–80 किलोंचा ताण येतो हे ऐकून तुम्ही वाशाकडे बघतात तसं एक डोळा मिटून तिच्या कडेने पाहिलंत. "वाकली, पण लागता तितलीच." नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईला मी पाव आटाच दिला.

मशीनच्या करवतीने तुमचा उजवा कान नेलाय. म्हणून पहिली खुली जाड तार वाजवली तेव्हा तुम्ही ऐकायला वाकला नाहीत, बॉडीवर तळवा ठेवलात. ती तार सेकंदाला 41 वेळा हलते. तुम्ही हात काढला नाहीत. मी पुन्हा वाजवली. "उलयता मरे!" बोलतेय म्हणे.

बिल मात्र तुम्ही लॅकरचंच घेतलंत.

फोंड्याच्या त्या माणसाचा नंबर मिळवलाय, त्यालाही हे पत्र पाठवतोय. तुमचा छोटा गुण्या माझ्याकडेच राहिलाय. रविवारी दुपारी घेऊन येतो, आणि त्या दुसऱ्या पॉलिशवाल्याबद्दल काय बोलायचं ते तेव्हा बोला.

तुमचा,
चिऱ्याच्या रंगाची बेसवाला